कॅनडातील मूलनिवासींसाठीचा निधी : हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडाच्या महालेखापरीक्षक कॅरन होगन यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये फर्स्ट नेशन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलनिवासी समाजांसाठीच्या सरकारी कार्यक्रमांचा पाठपुरावा अहवाल तेथील संसदेला सादर केला. मराठी वृत्तपत्रांत त्याची दखल घेतलेली निदान माझ्या पाहण्यात आली नाही. कॅनडाविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुधा व्हिसा, विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि राजनैतिक रुसवेफुगवे यांच्याभोवतीच फिरते. त्या देशात कर भरणारी आणि मतदान करणारी मराठी कुटुंबे मात्र वाढत चालली आहेत. मीही त्यांतलाच एक असल्याने या अहवालाच्या निमित्ताने काही मुद्दे जरा सविस्तर मांडू इच्छितो.

अहवालाचा गाभा थोडक्यात असा की, 2015 ते 2022 या काळातील लेखापरीक्षणांत ज्या 34 शिफारशी करण्यात आल्या होत्या, त्यांपैकी 18 शिफारशींवरील प्रगती असमाधानकारक आढळली. पिण्याचे पाणी, आरोग्यसेवा, आपत्ती व्यवस्थापन अशा रोजच्या जगण्याशी निगडित बाबींच्या या शिफारशी होत्या आणि केंद्र सरकारच्या मूलनिवासी सेवा विभागाने किंवा त्याच्या आधीच्या खात्यांनी त्या त्या वेळी त्या मान्यही केल्या होत्या. दरम्यान 2019-20 या आर्थिक वर्षापासून विभागाचा कार्यक्रमांवरील खर्च सुमारे 84 टक्क्यांनी वाढला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढा पैसा ओतूनही काही होत नाही, तेव्हा हात आखडता घ्यावा. दुसरा म्हणतो, शतकभराच्या उपेक्षेपुढे हा पैसाही तोकडाच आहे. दुसऱ्या म्हणण्यात मला अधिक तथ्य वाटते. तरीही या विभागावर नेमके काय देणे बंधनकारक आहे आणि ते दिले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या वादात मागेच पडतो. माझ्या मते साऱ्या अपयशाचे मूळ तिथे आहे.

कॅनडात शाळा, रुग्णालये, पाणीपुरवठा ही कामे सर्वसाधारणपणे प्रांतांची आणि नगरपालिकांची असतात. मात्र 1867 च्या राज्यघटनेने ‘इंडियन’ लोक आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी हा विषय केंद्राकडे सोपवला आणि 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टने त्यांच्या कारभारावर केंद्राची पकड बसवली. परिणाम असा की राखीव वस्तीच्या, म्हणजे रिझर्व्हच्या, हद्दीबाहेर राहणाऱ्या नागरिकाला शिक्षण किंवा पाणी मिळते ते प्रांतिक कायद्यांच्या आधारे, तर हद्दीच्या आत राहणाऱ्याला त्यांतल्या बऱ्याच सेवा मिळतात त्या केंद्राच्या धोरणांनुसार आणि दरवर्षीच्या तरतुदीनुसार. धोरण बदलता येते, तरतूद आटवता येते, आणि न्यायालयात दाखवायला नागरिकाच्या हातात कलम नसते. 2011 मध्ये महालेखापरीक्षक कार्यालयाने आपल्या अहवालाच्या प्रास्ताविकात या दुखण्याची चार कारणे सांगितली होती : सेवेचा दर्जा ठरलेला नाही, तिला कायद्याचे अधिष्ठान नाही, निधी देण्याची पद्धत कामाला साजेशी नाही आणि स्थानिक पातळीवर सेवा देणाऱ्या संस्थांना पाठबळ देणारी यंत्रणा नाही. पुढच्या जवळपास प्रत्येक लेखापरीक्षणात याच चार कारणांचा प्रत्यय येतो.

यातले दुसरे कारण किती गंभीर आहे, हे मॅनिटोबातील शमाट्टावा फर्स्ट नेशनच्या दाव्यात उघड झाले. तिथे 2018 पासून पाणी उकळून पिण्याची सूचना लागू असल्याने या समाजाने केंद्र सरकारला न्यायालयात खेचले. तेव्हा, 2024 मध्ये, सरकारी वकिलांनी फर्स्ट नेशन्सना स्वच्छ पाणी पुरवण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नाही, अशी भूमिका घेतली. सरकारचा युक्तिवाद असा की पाण्यासाठी पैसा दिला जातो तो धोरण म्हणून, कर्तव्य म्हणून नव्हे. जे सरकार निवडणुकीच्या व्यासपीठावरून पाण्याची हमी देते तेच न्यायालयात ती हमी नव्हतीच असे म्हणते, तेव्हा वाढलेल्या तरतुदींच्या घोषणांना काय किंमत द्यायची?

2015 च्या निवडणुकीनंतर दीर्घकाळ चाललेल्या अशा सर्व सूचना 31 मार्च 2021 पर्यंत संपवण्याचे वचन देण्यात आले होते. नोव्हेंबर 2015 मध्ये अशा सूचनांची संख्या 105 होती. दरम्यान काही नव्याने लागल्या, बऱ्याच उठल्या, आणि मुदत मात्र हुकली. उत्तर ओंटारिओतील नेस्कांटागा इथली सूचना फेब्रुवारी 1995 मध्ये लागू झाली आणि तिला 30 वर्षे उलटून गेली. म्हणजे तिथे एक अख्खी पिढी नळाचे पाणी न पिता मोठी झाली. पण 2021 च्या लेखापरीक्षणातला मला सर्वाधिक खटकलेला भाग वेगळाच आहे. जलशुद्धीकरण केंद्रांच्या देखभालीसाठी निधी ज्या सूत्राने दिला जात होता, ते सूत्र सुमारे 30 वर्षे बदललेलेच नव्हते. शिवाय त्या सूत्रातून निघणाऱ्या अंदाजित खर्चाचाही काही भागच केंद्र देत असे आणि उरलेला भार त्या समाजाने उचलावा अशी अपेक्षा असे. शुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन शेजारच्या गावातील तशाच तंत्रज्ञापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी पडत होते. साहजिकच प्रशिक्षण घेतलेला माणूस सोडून जातो, यंत्रणा बिघडते, पुन्हा सूचना लागते. उद्घाटनाची फीत कापायला पैसा सापडतो आणि गाळणी बदलायला सापडत नाही, असा हा प्रकार आहे. 2022 च्या आपत्ती व्यवस्थापनाच्या लेखापरीक्षणातही तोच कल दिसला : पूर आणि वणव्यांनंतरच्या मदतीवर विभागाने जो खर्च केला, तो पूर्वतयारी आणि प्रतिबंधावरील खर्चाच्या साडेतीन पट होता, आणि बंधाऱ्यांसारखी मंजुरीयोग्य ठरलेली प्रतिबंधक कामे निधीअभावी पडून होती.

आकडे कसे मांडले जातात हाही जबाबदारीचाच भाग असतो. 2018 च्या लेखापरीक्षणात शालेय शिक्षणाची जी तपासणी झाली ती या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. राखीव वस्तीतील जवळजवळ निम्मे, म्हणजे सुमारे 46 टक्के, विद्यार्थी शालेय शिक्षण पूर्ण करतात, असे विभाग सांगत होता. हा आकडा काढताना शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती उत्तीर्ण झाले एवढेच धरले जात होते. नववी ते अकरावीत गळालेली मुले हिशेबातच नव्हती. लेखापरीक्षकांनी नववीत प्रवेश घेतलेल्यांपासून मोजणी केली, तेव्हा चार वर्षांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 24 टक्के निघाले. यात एका पैशाचाही अपहार नाही, कोणी लाच घेतलेली नाही आणि कोणावर गुन्हाही दाखल होणार नाही. तरीही ज्या आकड्याच्या भरवशावर संसद तरतूद मंजूर करते तो असा तयार होत असेल, तर संसदेची देखरेख नावापुरतीच उरते. घरबांधणीतही निराळे काही नाही. मार्च 2024 च्या लेखापरीक्षणात असे आढळले की केंद्राचे गृहनिर्माण महामंडळ निधीवाटपासाठी 2001 च्या जनगणनेचे आकडे वापरत होते. फर्स्ट नेशन्सच्या घरांचे लेखापरीक्षण 2003 पासून चौथ्यांदा होत होते आणि घरांतल्या ओल-बुरशीचा प्रश्न जुनाच होता.

आता उलट बाजूने कोण कोणाकडे हिशेब मागते ते पाहावे. 2002 मध्ये महालेखापरीक्षक कार्यालयानेच दाखवून दिले होते की एका फर्स्ट नेशन समाजाला केंद्राच्या चार यंत्रणांना मिळून वर्षाला किमान 168 अहवाल द्यावे लागतात. काही शे लोकवस्तीच्या गावात दोन-तीन कारकून असतात आणि त्यांचा बराचसा वेळ या कागदांतच जातो. त्यांतले पुष्कळसे अहवाल फारसे वापरलेच जात नाहीत, हेही तेव्हा नोंदवले गेले होते. 2013 मध्ये फर्स्ट नेशन्सनी आपले ताळेबंद आणि प्रमुखांचे मानधन जाहीर करावे असा कायदा झाला. 2015 च्या अखेरीस नव्या सरकारने त्याची सक्ती थांबवली. त्यावर अजूनही वाद होतात. माझ्यापुरते सांगायचे तर बँड कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक परिषदेचा, हिशेब पाहण्याचा त्या समाजातल्या लोकांचा हक्क मला निःसंशय मान्य आहे. काही परिषदांत गैरव्यवहार झालेले आहेत आणि त्याची झळ तिथल्याच गरिबांना बसते. परंतु तो हक्क समाजातल्या लोकांचा आहे, दिल्या पैशाची पावती मागणाऱ्या केंद्राचा नव्हे, आणि समाजांकडे अहवालांवर अहवाल मागणारा विभाग स्वतः 34 शिफारशींपैकी 18 बाबतींत मागे राहतो तेव्हा त्याचा निधी कोणी रोखून धरत नाही. एखाद्या परिषदेचे हिशेब बिघडले तर तिच्यावर बाहेरचा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद आहे. विभागाचे बिघडले तर पुढच्या लेखापरीक्षणात आणखी एक परिच्छेद वाढतो.

या व्यवस्थेत जबाबदारी प्रत्यक्षात निश्चित झाली ती संसदेत कमी आणि न्यायपीठांपुढे जास्त. नॉर्वे हाऊस क्री नेशनमधील जॉर्डन रिव्हर अँडरसन या बालकाची कथा कॅनडात सर्वांना ठाऊक आहे, आपल्या वाचकांना कदाचित नसेल. गुंतागुंतीच्या आजारासह जन्मलेल्या या मुलाला घरी नेण्यास डॉक्टरांनी अनुमती दिली होती, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की मॅनिटोबा प्रांताने, यावर दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालला आणि 2005 मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, ते मूल रुग्णालयातच दगावले. आधी सेवा द्या, पैशाचा वाद नंतर मिटवा, हे त्याच्या नावाचे तत्त्व कॉमन्स सभागृहाने डिसेंबर 2007 मध्ये मान्य केले. मान्य करणे आणि अमलात आणणे यांत पुन्हा अनेक वर्षे गेली. बालहक्कांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या फर्स्ट नेशन्सच्या राष्ट्रीय संघटनेने 2007 मध्ये केलेल्या तक्रारीवर मानवाधिकार न्यायाधिकरणाने जानेवारी 2016 मध्ये निकाल दिला, की राखीव वस्त्यांतील बालकल्याणाला अपुरा निधी देऊन केंद्र सरकार वांशिक भेदभाव करत आहे. त्यानंतरही न्यायाधिकरणाला आदेशांमागून आदेश काढावे लागले. अखेर 2023 मध्ये न्यायालयाने 23 अब्ज डॉलरपेक्षा अधिक भरपाईच्या समझोत्याला मंजुरी दिली. वेळेवर सेवा देण्यात जे वाचवले, ते असे अनेक पटींनी भरावे लागले. आणि भरपाईने त्या मुलांचे बालपण परत येत नाही हे वेगळेच.

सरकारी खरेदीचा प्रश्न याच सूत्रात बसतो, किंबहुना तिथे ते अधिक उघडपणे दिसते. 1996 पासून मूलनिवासी उद्योगांसाठी काही कंत्राटे राखून ठेवण्याचे धोरण कॅनडात आहे. 2021 मध्ये सरकारने त्याला संख्येची जोड दिली : केंद्रीय कंत्राटांच्या एकूण मूल्यापैकी किमान 5 टक्के मूल्य मूलनिवासी उद्योगांकडे जावे, आणि टप्प्याटप्प्याने 2024-25 पर्यंत सर्व खात्यांनी हे गाठावे. देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासींचे प्रमाण 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 5 टक्के असल्याने हा वाटा अवाजवी मुळीच नाही. 2022-23 साठी सरकारने जाहीर केलेला आकडा तर 6.27 टक्के, म्हणजे उद्दिष्टाच्या वरचा होता. कागदावर यापेक्षा चांगली बातमी असू शकत नाही.

पण मोजले जाते ते मंजूर कंत्राटाचे मूल्य. तो पैसा पुढे उपकंत्राटांतून कुठे गेला, मूलनिवासी माणसांना त्यातून किती रोजगार मिळाला, किती कौशल्य त्यांच्या हाती आले, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. राखीव कंत्राटातील कामाच्या मूल्यापैकी किमान 33 टक्के काम मूलनिवासी उद्योगाने स्वतः किंवा तशाच दुसऱ्या उद्योगाकरवी करावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मात्र तो पाळला गेला की नाही हे कंत्राट संपल्यावर तपासण्याची उठाठेव फारच क्वचित केली गेली, असे 2024 मध्ये संसदीय समित्यांपुढील सुनावण्यांत उघड झाले. त्याच सुनावण्यांत असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सच्या प्रतिनिधींनी नामधारी कंपन्या पुढे करून इतरांनीच कंत्राटे लाटल्याची गंभीर तक्रार मांडली. कोविडकाळातील ‘अराइव्हकॅन’ या प्रवासी ॲपच्या प्रकरणाने ही चर्चा पेटली. त्या ॲपचा खर्च महालेखापरीक्षकांनी सुमारे 5 कोटी 95 लाख डॉलर इतका अंदाजला, आणि कागदपत्रेच इतकी अपुरी होती की नेमका आकडा सांगता येत नाही असेही नमूद केले. त्यात काम मिळालेल्यांपैकी एक मोजक्या माणसांची मूलनिवासी मालकीची कंपनी होती आणि तिच्याबरोबर संयुक्त भागीदारीत दुसरी, बरीच मोठी कंपनी होती. अशी भागीदारी नियमात बसते. ती नियमात बसते, हीच तर अडचण आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये एका केंद्रीय मंत्र्याला मंत्रिमंडळ सोडावे लागले, कारण ते पूर्वी ज्या कंपनीचे सहमालक होते तिने निविदा भरताना स्वतःला मूलनिवासी मालकीची म्हणवून घेतल्याचे निष्पन्न झाले होते.

या प्रकारावर तोडगा म्हणून सरकारने मूलनिवासी कोण हे अधिक कसोशीने तपासावे, असा सूर काही वृत्तपत्रांनी लावला. मला तो धोक्याचा वाटतो. कोणाची गणना ‘इंडियन’ म्हणून करायची हे ठरवण्याचा अधिकार कॅनडा सरकारने शतकाहून अधिक काळ वापरला आणि त्याचा परिणाम असा झाला की समाजाबाहेर लग्न केलेल्या स्त्रियांचा दर्जा 1985 पर्यंत हिरावून घेतला जात होता, पुरुषांचा मात्र नाही. ओळख ठरवण्याचे काम त्या त्या समाजाचेच असावे, आणि उद्योगांची यादी सांभाळण्याची मागणी मूलनिवासींच्या आर्थिक संस्था करत आहेत ती मान्य व्हावी. सरकारने करायचे काम निराळे आहे व ते त्याला टाळता येऊ नये : देयक मंजूर करण्यापूर्वी उपकंत्राटांचा तपशील मागणे, 33 टक्क्यांच्या अटीची पडताळणी करून तिचा निष्कर्ष कंत्राटागणिक प्रसिद्ध करणे, आणि अट मोडली असेल तर ते मूल्य 5 टक्क्यांच्या हिशेबातून वजा करणे. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आज बनावट कंत्राटाने खात्याचा आकडा फुगतो आणि ते पकडून देण्यात खात्याला कसलाही लाभ नसतो.

2019 च्या ज्या कायद्याने हा विभाग अधिकृतपणे अस्तित्वात आला, त्यात विभागाने आपली कामे हळूहळू मूलनिवासी संस्थांकडे सोपवावीत असे म्हटले आहे. स्वतःला अनावश्यक करून घेण्याचे उद्दिष्ट असलेले सरकारी खाते जगात विरळाच. याची फलदायी उदाहरणे आहेत : नोव्हा स्कॉशियात मिकमॉ समाजांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या शाळा स्वतःच्या शिक्षण संस्थेमार्फत चालवल्या आणि शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास नेले, ब्रिटिश कोलंबियात 2013 पासून आरोग्यसेवेचा कारभार फर्स्ट नेशन्सच्या प्राधिकरणाकडे आहे. परंतु हस्तांतर करताना जुने, तोकडे सूत्रच सोबत दिले तर हस्तांतर होते ते केवळ अपश्रेयाचे. मे 2025 पासून या विभागाच्या मंत्री असलेल्या मँडी गुल-मास्टी क्री समाजातल्या आहेत आणि या पदावर आलेल्या पहिल्याच मूलनिवासी व्यक्ती आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कायदा, सूत्रे आणि फायली त्यांना पूर्वीच्याच मिळाल्या आहेत.

म्हणून मला संसदेच्या भूमिकेकडे लक्ष वेधायचे आहे. याच कायद्यानुसार मंत्र्यांनी दरवर्षी मूलनिवासी आणि इतर कॅनेडियन यांच्यातील सामाजिक-आर्थिक दरीविषयी संसदेपुढे अहवाल मांडायचा असतो. त्या अहवालात महालेखापरीक्षकांच्या प्रत्येक प्रलंबित शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहिणे बंधनकारक करावे, आणि लोकलेखा समितीने विभागाच्या उपमंत्र्यांना, म्हणजे सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना, त्या मुदती उलटल्यावर बोलावून घ्यावे. पाण्यासंबंधीचे सी-61 हे विधेयक डिसेंबर 2023 मध्ये मांडले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये संसदेचे सत्र संस्थगित झाल्याने बारगळले. त्याची जागा घेणाऱ्या कायद्यात पाण्याचा दर्जा लगतच्या प्रांतातील दर्जाइतका असावा आणि तो न मिळाल्यास नागरिकाला थेट दाद मागता यावी, हे स्पष्ट शब्दांत यायला हवे. देखभालीच्या खर्चाचे आणि जलशुद्धीकरण तंत्रज्ञांच्या वेतनाचे सूत्रही कायद्याच्या परिशिष्टातच असावे आणि दर पाच वर्षांनी फर्स्ट नेशन्सच्या संमतीने त्याचा फेरआढावा घेणे सक्तीचे असावे.

आपला विश्वासू,
एक वाचक
ओंटारिओ, कॅनडा